विमानप्रवासाचे अंतर व वेळ : एक पाठ
(इयत्ता सातवी : भूगोल व अंकगणित)

मुंबईहून पहाटे २ वाजता निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी ६॥ वाजता लंडनला उतरले, तर प्रवासास किती तास लागले? हे उदाहरण वर्गात घातल्यास बहुतेक मुले 'साडेचार' असे तत्काळ सांगतील. त्यांची वजाबाकी बिनचूक असते. म्हणून उत्तरावर लगेच फुली मारू नये. प्रथम अंतर मोजावयास लावावे.

त्यासाठी कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीगोल खाली काढावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरील १ सेंटिमीटर हे जवळजवळ ४२५ किलोमीटर होत. मुंबई व लंडन यांवर दोरा ताणून धरल्यास तो सुमारे १७ सेंटिमीटर भरेल, म्हणजे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. दोरा इराण व काळा समुद्र यांवरून जातो, हे मुलांना बोटाने दाखवावे. भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर काढू देऊ नये. गोल पृष्ठभाग सपाट करताना अंतरे विकृत होतात.

ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तरी ९ तास हवेत. मग साडेचार तासांत विमान पोहोचले कसे? ही अडचण मुलांना स्वतः जाणवू द्यावी, उत्तर सांगण्याची घाई करू नये.

आता वर्गास पटांगणात न्यावे. काठी उभी रोवून तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते पाहावे. सोनईस ती सरासरीने बाराऐवजी साडेबाराच्या सुमारास पडते. पृथ्वीस एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. आपली घड्याळे ८२॥ पूर्व रेखांशाची वेळ दाखवितात आणि सोनई त्याच्या पश्चिमेस पावणेआठ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे हा अर्ध्या तासाचा फरक. लंडन शून्य रेखांशाजवळ. ८२॥ ला ४ ने गुणल्यास ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास येतात. तेथील ६॥ म्हणजे आपले दुपारचे १२. प्रवास १० तासांचा झाला. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासच राहतो. उदाहरण घालताना महिना सांगण्यास विसरू नये. चूक बहुधा येथेच होते, आणि ती मुलांची नसते.

९ च्या जागी १० तास का, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. विमान धावपट्टीपर्यंत जाते, चढते, उतरते. मार्गही दोऱ्याइतका सरळ नसतो. शिवाय उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून येतात, म्हणून लंडनहून परतीस वेळ कमी लागतो. दिनांक ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले होते. थांबे नकाशात दाखवून त्या मार्गाची लांबी दोऱ्याने काढण्यास सांगावे.

घरी करावयाचे उदाहरण : जानेवारीत लंडनहून सकाळी १० वाजता निघालेले विमान ९ तासांनी मुंबईस पोहोचले. मुंबईच्या घड्याळात तेव्हा किती वाजले? (उत्तर : मध्यरात्रीनंतर १२॥, तारीख बदलली हे लिहिणाऱ्यासच पूर्ण गुण द्यावेत.)