चूक बोटाची की कळफलकाची?

संगणकावर एखादा उतारा टंकलिखित केला की त्यात थोड्याफार चुका राहतातच. ‘लक्ष नव्हते’ असे म्हणून आपण सारा दोष बोटांना देतो. परंतु या चुका नीट तपासल्या तर त्यांचे चार प्रकार दिसतात : अक्षर गळणे, अक्षर दोनदा उमटणे, न दाबलेले अक्षर उमटणे आणि एका अक्षराऐवजी दुसरेच उमटणे. या प्रत्येक प्रकारामागे कळफलकाची रचनाही असू शकते. कशी ते पाहू.

अक्षर का गळते? टंकलेखकाची नजर मजकुरावर असते. कळ पुरती दाबली गेली की नाही, हे त्याला बोटानेच समजते. अनेक कळफलकांत कळेखाली रबराची लहान घुमटी असते. कळ दाबताना विरोध वाढत जातो आणि एका क्षणी घुमटी एकदम खचते. जाड कागदाची पट्टी उभी धरून वरून दाबा. आधी ती ताठ राहते, मग अचानक वाकते. तसाच हा प्रकार होय. घुमटी खचताच विद्युतमंडल पूर्ण झाले, तर बोटाची फसगत होत नाही. घुमटी झिजून सैल पडली, की खूण मिळत नाही, बोट लवकर उठते आणि अक्षर गळते.

अक्षर दोनदा का उमटते? कळेतील संपर्कबिंदू एकमेकांवर आदळले की टाकलेल्या चेंडूप्रमाणे किंचित उसळतात. त्यामुळे काही मिलिसेकंद मंडल जुळते, तुटते, पुन्हा जुळते. म्हणून कळफलकातील नियंत्रक साधारण ५ ते २० मिलिसेकंद थांबून मगच एक ठोका मोजतो. मिनिटाला ४० शब्द आणि शब्दाला ५ ठोके धरले, तर मिनिटाला २०० ठोके होतात. म्हणजे दोन ठोक्यांत सरासरी ३०० मिलिसेकंद मिळतात. तेव्हा एवढे थांबणे सहज परवडते. मात्र संपर्कबिंदू खराब होऊन उसळी लांबली, की एका ठोक्याला दोन अक्षरे येतात.

न दाबलेले अक्षर कोठून येते? सुमारे शंभर कळांना स्वतंत्र तारा जोडणे गैरसोयीचे असते. म्हणून आडव्या व उभ्या तारांची जाळी करतात. ८ आडव्या आणि १६ उभ्या, अशा अवघ्या २४ तारांनी १२८ कळांची सोय होते. आता या जाळीत एक आयत कल्पा. त्याच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या, तर त्या तिन्हींतून फिरून प्रवाह चौथ्या कोपऱ्याच्या तारांपर्यंत पोचतो आणि नियंत्रकाला चौथी कळही दाबलेली वाटते. प्रत्येक कळेला एकेक डायोड जोडला, तर प्रवाहाची ही उलटी वाट बंद होते. काही कळफलकांत डायोड न वापरता, संशय येताच तिसरी कळ मोजलीच जात नाही. मग आगंतुक अक्षर टळते, पण खरे अक्षर गळते!

अक्षराची अदलाबदल का होते? येथे प्रश्न मांडणीचा असतो. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे व बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. क-ख, ग-घ, द-ध या जोड्या एकाच कळेवर असून ख, घ, ध यांसाठी शिफ्टची कळ सोबत दाबावी लागते. ही रचना वर्णमालेला धरून असल्याने लक्षात ठेवण्यास सोपी आहे. पण शिफ्ट निसटली की ‘धार’चे ‘दार’ आणि ‘घडी’चे ‘गडी’ होते.

मग आपल्या चुका कोणाच्या, हे कसे ठरवावे? एकच उतारा दोन कळफलकांवर टंकलिखित करा आणि चुका चार रकान्यांत मांडा. नंतर तोच उतारा त्याच कळफलकांवर मित्राकडून करून घ्या. जी चूक कळफलक बदलूनही तुमच्याबरोबरच येते, तिला बहुधा तुमची सवय कारण असते; तिच्यावर उपाय सरावाचा. जी चूक माणूस बदलूनही त्याच कळफलकावर, त्याच कळेवर होते, ती सरावाने जाणार नाही. तेथे कळच दुरुस्त करायला हवी.