निकालाच्या आठवड्यातली हळद

हळदीने माखलेला अंगठा फोन ओळखत नाही. पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात, वधूपक्षाच्या खोलीत, फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिने तीनदा अंगठा टेकवून पाहिला. तिन्ही वेळा फोन नुसता थरथरला. शेवटी भाचीने ओढणीच्या टोकाने काच पुसली, पिन दाबला आणि फोन मावशीच्या कानाला लावून धरला. पलीकडे तिच्या क्लायंट कंपनीचे वित्त अधिकारी होते. बोर्डाची बैठक नुकतीच संपली होती. प्रेस नोटच्या दुसऱ्या परिच्छेदात 'वाढ' म्हणायचं की 'भक्कम वाढ', एवढाच काय तो प्रश्न होता. बाहेर उष्टी हळद अर्धी लावून झालेली, आणि आंब्याची पानं हातात धरून पाच सुवासिनी ताटकळलेल्या.

ही 'ती' म्हणजे प्रस्तुत लेखिकाच, हे वाचकांनी ओळखलं असेल. पण दहा वर्षं प्रेस नोटा लिहिल्यावर 'मी' टाइप करायला बोट अडखळतं. प्रेस नोटमध्ये 'मी' नसतो. तेव्हा तिची गोष्ट तिच्याच सवयीने.

चूक पहिल्या दिवसापासूनची. गुरुजींनी पंचांग बघून तीन मुहूर्त काढून दिले. त्यातला सगळ्या नातेवाइकांना सोयीचा मुहूर्त घरच्यांनी निवडला आणि तिने मान डोलावली. एक साधा कागद तिने पंचांगाशेजारी ठेवला नाही, सेबीच्या तारखांचा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत जाहीर करावे लागतात आणि मार्चअखेरचे वार्षिक निकाल 60 दिवसांत. म्हणजे 14 ऑगस्ट, 14 नोव्हेंबर, 14 फेब्रुवारी आणि 30 मे या चार भिंती ठरलेल्या. आता लग्नसराई बघा. चातुर्मास संपून तुळशीची लग्नं लागली की नोव्हेंबरात सनई सुरू होते. पौष बरेच जण टाळतात म्हणून माघातल्या, साधारण फेब्रुवारीतल्या मुहूर्तांवर उड्या पडतात. पुढे मे महिना तर लग्नांचाच. ऑगस्टची तारीख तेवढी चातुर्मासात पडते. बाकीच्या तिन्ही वेळा पंचांग आणि सेबी एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. कॉर्पोरेट क्लायंट सांभाळणाऱ्या पीआरवाल्यांनी हे लग्नाची बैठक बसण्याआधीच बघायला हवं. बोर्ड मीटिंगची नेमकी तारीख काही दिवस आधीच कळते, हे खरं. पण ती कोणत्या आठवड्यांत येणार, हे वर्षभर आधी सांगता येतं. फेब्रुवारीत शिवाय 1 तारखेचं केंद्रीय बजेट आहेच. त्या दिवशी प्रत्येक क्लायंटला आपली प्रतिक्रिया छापून यावीशी वाटते, मग त्याचा धंदा चपलांचा असो नाहीतर चीझचा.

मुहूर्त तोच घ्यायचा असेल तर घ्यावा. मग काम दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी मात्र खरीखुरी हवी. तिने ती केली, असं तिला वाटत होतं. सहकाऱ्याला फायली दिल्या, क्लायंटला मेल टाकला आणि सुट्टीचं ऑटो-रिप्लाय लावलं. त्यात शेवटची ओळ होती: तातडीचं काही असल्यास फोन करावा. आमच्या धंद्यात तातडीचं नसलेलं काही असतं का? लग्नाच्या आदल्या दिवशी तिला 43 फोन आले. त्यांतले नातेवाइकांचे मोजून 9.

तेव्हा तिने काय करायला हवं होतं, ते आता ती ऑफिसातल्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते. क्लायंटला कागदाशी देणंघेणं नसतं, त्याला ओळखीचा आवाज लागतो. म्हणून लग्न फेब्रुवारीत असेल तर नोव्हेंबरचे निकाल सहकाऱ्याने एकट्याने पार पाडायचे आणि आपण त्याच खोलीत तोंड मिटून बसायचं. एक फेरी त्याच्या हातून नीट झाली की फेब्रुवारीत क्लायंटची बोटं आपोआप त्याचा नंबर शोधतात. सुट्टीतला आपला नंबर घरातल्या कुणाकडे तरी द्यायचा, आणि तो माणूस शक्यतो कामातलं काही न कळणारा हवा. तिची भाची या कसोटीला उतरली नाही. तिने 'भक्कम' बरं वाटतं असं मोठ्याने सांगितलं.

याच खोलीत आणखी एक भानगड होता होता राहिली. हळदीच्या आधी तिने लॅपटॉप उघडून निकालाचा मसुदा वाचायला घेतला होता. मागे येऊन उभे राहिले भावोजी. रोज सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडायची वाट बघणारे गृहस्थ. "काय म्हणतोय मग निकाल?" त्यांनी हसत विचारलं. हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. जाहीर न झालेला निकाल ही भावावर परिणाम करणारी माहिती. सेबीचे 2015चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम ती दुसऱ्याला सांगण्यालाही मनाई करतात, मग त्यावर कुणी शेअर घेवो न घेवो. तिने लॅपटॉप मिटला आणि रुखवताच्या टेबलाखाली सरकवला. निकालाचा कागद मांडवात आणायचाच नाही, एवढं तिथल्या तिथे तिला कळलं. बैठक बाजाराच्या वेळेत संपली तर 30 मिनिटांत निकाल शेअर बाजाराला कळवावा लागतो. त्या अर्ध्या तासात ज्याचा हात रिकामा आहे, त्यानेच ते काम करावं. हळदीचा हात रिकामा नसतो.

पण हे सगळं परवडलं, असं म्हणायला लावणारं प्रकरण हॉटेलचं.

रिसेप्शन एका चांगल्या हॉटेलात ठरलं होतं. ते हॉटेल तिचं क्लायंट. बँक्वेटच्या मॅनेजरांनी स्वतःहून दर खाली आणला. करार, अटी, रद्द झालं तर काय, असं काही तिने विचारलं की एकच उत्तर यायचं, "मॅडम, आपलंच आहे." 50,000 रुपये आगाऊ दिले. पावती 'करून देतो' या अवस्थेत राहिली. घरी सगळे खूश. बाबा तर ज्याला त्याला सांगत सुटले, पोरीच्या ओळखीने निम्म्यात काम झालं.

लग्नाला तीन आठवडे राहिले असताना एका पाहुण्याने त्या हॉटेलातल्या जेवणाचा व्हिडिओ टाकला. पनीरच्या भाजीत झुरळ. संध्याकाळपर्यंत तो पुण्यातल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर पोचला होता, तिच्या माहेरच्या ग्रुपवरही. पुढचे दोन दिवस ती हॉटेलच्या वतीने निवेदन लिहीत बसली. स्वच्छतेच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही, चौकशी सुरू आहे, वगैरे. निवेदनाचा तिसरा खर्डा चालू असताना आईचा फोन. "अगं, जेवण तिथेच ठेवायचं का आपण?" तिला उत्तर देता येईना. हो म्हणावं तर पोटात गोळा, नाही म्हणावं तर दोन दिवस आपण काय लिहितोय? त्याच रात्री एका वार्ताहराने विचारलं, आणि हा वार्ताहर आमंत्रितांच्या यादीतलाच, "तुझं रिसेप्शन तिथेच आहे ना? मग ग्राहक म्हणून तुझंच मत टाकू का?" तो थट्टेत बोलला असावा. ती रात्रभर जागी होती.

सकाळी तिने बॉसला सगळं सांगितलं, सवलतीसकट. बॉस म्हणाल्या, हे तू दर ठरवतानाच सांगायला हवं होतंस. त्यांनी हॉटेलचं काम महिनाभरासाठी दुसऱ्याकडे दिलं आणि रिसेप्शन रद्द करायला सांगितलं. ते बरोबरच होतं. खरी पंचाईत पुढेच होती. एरवी कुणीही ग्राहक आगाऊ पैशांसाठी काउंटरवर जाऊन आवाज चढवतो. तिला ते जमेना, कारण महिन्याने त्याच माणसांसमोर बसून रिटेनर वाढवून मागायचा होता. क्लायंटशी भांडता येत नाही, आणि भांडणाशिवाय लग्न पार पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. म्हणून ती आता सांगते: आपल्या कामातली हातोटी लग्नाला जरूर वापरा, पण कामातल्या ओळखी वापरू नका. हॉल असो, फोटोग्राफर असो, मिठाई असो, ज्याला आपण बिल पाठवतो त्याच्याकडून सवलत घ्यायची नाही. घ्यायचीच वेळ आली तर आधी ऑफिसला लेखी कळवायचं आणि पैसे पूर्ण दराने, पावतीनिशी मोजायचे. पत्रकारांनाही या गुंत्यात ओढू नये. त्यांनी भेटवस्तू घेऊ नयेत, असं प्रेस कौन्सिलची आचारसंहिता सांगतेच. तिने आमंत्रितांच्या यादीतून मग एकच निकष लावून नावं गाळली. नोकरी बदलल्यावरही ज्यांच्याशी बोलणं राहील, तेवढेच ठेवले. 140 पत्रकारांचे 11 झाले.

हातोटी कुठे कामी आली? विहिणीकडे बातमी पोचवण्यात. रिसेप्शन हलल्याचं सासरी कसं सांगायचं, यावर घरात दोन मतं होती. बाबांचं म्हणणं, पत्रिका वाटून झाल्यात, शेवटच्या आठवड्यात हळूच सांगू. तिचं म्हणणं, लगेच सांगू. जनसंपर्काच्या पुस्तकांत आयव्ही लीची गोष्ट असतेच. 28 ऑक्टोबर 1906 रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली. अपघात दडपण्याची तेव्हाची रीत बाजूला ठेवून लीने स्वतःच वृत्तपत्रांना माहिती लिहून दिली. पहिली प्रेस नोट म्हणून तिचंच नाव घेतात. ली इथे काय करणार म्हणा, पण तिने बाबांना गाडीत बसवलं आणि त्याच संध्याकाळी ठाण्याला नेलं. झुरळासकट सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "व्हिडिओ आम्हीही पाहिला होता. तुम्ही काही बोलता का, तेच बघत होतो." रिसेप्शन मग कार्यालयातच झालं. मसालेभात, जिलबी, मठ्ठा.

आणि हीच हातोटी कुठे अंगाशी आली, तेही सांगायला हवं. आमंत्रणांची यादी तिने एक्सेलमध्ये केली. पाहुण्यांना पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर, चार दिवसांनी फॉलोअप कॉल. कॉलची जबाबदारी ऑफिसातल्या एका उत्साही इंटर्नने हौसेने घेतली. तिने साताऱ्याला आत्याला फोन लावला. "मॅडम, आपण कार्यक्रमाला येणार आहात का? कन्फर्म करता?" आत्या पाच मिनिटं गप्प होती म्हणे. मग तिने भावाला, म्हणजे बाबांना, फोन केला. "माझ्या भाचीच्या लग्नाला मी येणार का, हे मला कुणी मॅडम म्हणून विचारायचं?" त्यानंतर ती स्वतः पत्रिका, अक्षता आणि साडी घेऊन साताऱ्याला गेली, केळवणाला बसली, दोन वाट्या बासुंदी संपवली, तेव्हा कुठे कन्फर्मेशन मिळालं. घरच्या माणसांना बोलावणं असतं. आरएसव्हीपी असतो तो क्लायंटला आणि वार्ताहराला. केटररला आकडा हवा असतो, तो मात्र टाळता येत नाही. त्यावर तिचा तोडगा असा: शाखेशाखेतल्या एका जाणत्या माणसाला, एखाद्या काकाला किंवा मामीला, विचारायचं, तुमच्याकडून किती पानं धरू? त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. पंगतीला पानं मोजायला आपला एक माणूस उभा करायचा आणि किमान किती पानांचे पैसे द्यावे लागणार, हे ठरवतानाच कागदावर घ्यायचं.

तिच्या मिनिटागणिक आखलेल्या वेळापत्रकाचं काय झालं, ते थोडक्यात. मंगलाष्टकांना तिने 6 मिनिटं दिली होती. आत्या, मामा आणि नवऱ्याची एक चुलत बहीण यांनी प्रत्येकी स्वतः रचलेलं मंगलाष्टक आणलं होतं. गुरुजींनी वेळापत्रक शांतपणे वाचलं आणि होमाला वारा घालायला वापरलं.

कार्यक्रमांची सवय असली की परवानग्यांबद्दल उगाच खात्री वाटते. कॉर्पोरेट कार्यक्रमात गाणी वाजवायला परवाना लागतो, म्हणून ती वरातीसाठीही पैसे भरायला निघाली होती. 1957च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट आहे, आणि 24 जुलै 2023ला केंद्राने सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. पण गोव्यात हॉटेलात लग्न करणाऱ्यांनी सावध राहावं. याच विषयावरचं तिथल्या सरकारचं परिपत्रक उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2024मध्ये रद्द केलं. तेव्हा परवान्याचे पैसे मागितले गेलेच तर ते कोण भरणार, हे हॉटेल आणि डीजे यांच्याकडून लिहून घेतलेलं बरं. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, ते सगळ्यांना सारखंच. महाराष्ट्रात विवाह नोंदणीला 90 दिवसांची मुदत आणि 3 साक्षीदार लागतात. गुरुजींची सही त्याच दिवशी मांडवात घेऊन टाकावी, कारण पुढच्या मुहूर्तांना ते कुठल्या गावात असतील, देव जाणे.

हॉटेलचे 50,000 रुपये जून महिन्यात परत आले. तोवर ते काम पुन्हा तिच्याकडे आलं होतं. त्याच आठवड्यात हॉटेलने नव्या लग्नसराईसाठी 'वेडिंग पॅकेज' काढलं आणि त्याची प्रेस नोट तिच्या टेबलावर आली. तिने ती लिहिली. "आगाऊ रकमेची पावती व लेखी करार त्वरित" असं एक वाक्य तिने तिसऱ्या परिच्छेदात घातलं. बँक्वेटच्या मॅनेजरांनी ते वाचलं, जरा थांबले, आणि म्हणाले, "चांगलं आहे मॅडम, हे आधी कुणाला सुचलं नव्हतं."