परसाचा आडोसा : हद्द, नियम आणि कुंपणाची निवड

घराच्या मागील परसात न्हाणी असते, शौचालय असते, भांडी घासण्याची जागा असते, धुणे तेथेच वाळत पडते आणि शेळीचा खुंटाही तेथेच असतो. घरातील स्त्रियांचा दिवसातील बराच वेळ ह्या जागेत जातो. असे असूनही करमाळा तालुक्यात पुष्कळ घरांवर स्लॅब पडला, पुढे फरशीचा ओटा झाला, तरी परसास आडोसा म्हणून जुनी लुगडी व खताची रिकामी पोती दोरीवर टाकलेली आढळतात. त्यामुळे उजाडण्यापूर्वी अंघोळ उरकणे किंवा दिवस मावळण्याची वाट पाहणे स्त्रियांच्या नशिबी येते. आडोसा ही चैनीची बाब नव्हे.

परंतु कुंपण घालावयाचे म्हटले म्हणजे पुष्कळ ठिकाणी दोरी हातभर पुढे सरकते. आपला आडोसा शेजाऱ्याची वाट अडवितो, किंवा गाडीरस्ता चिंचोळा करतो, आणि मग दोन घरांतील बोलणे तुटते. म्हणून ह्या लेखात झाडांच्या आधी हद्दीचा विचार केला आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही शेतकऱ्यास सल्ला देताना हाच क्रम ठेवावा.

हद्द आणि नियम

गावठाणातील जागेचा आधार म्हणजे मिळकत पत्रिका. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका देण्यात येतात. ज्या गावी हे काम पुरे झाले आहे तेथे पत्रिका व नकाशा पाहूनच दोरी धरावी. भीमेच्या काठची जी गावे उजनी धरणाच्या पाण्यामुळे उठली, त्यांच्या नव्या गावठाणांत भूखंड व रस्ते आखून दिलेले आहेत. तेथे रस्त्याची रुंदी नकाशावरून ताडून पाहणे सोपे जाते. जुन्या गावठाणात मात्र भिंतीला भिंत लागून असते आणि वडिलोपार्जित समजुतीवर सर्व चालते. शंका असल्यास तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात शुल्क भरून मोजणी मागावी. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यास आग्रहाने बोलावून घ्यावे. त्याच्या पाठीमागे रोवलेली खूण त्यास पटत नाही, मग ती कितीही बरोबर असो.

वस्तीवर राहणाऱ्यांचे परस शेताच्या बांधास लागून असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये हद्दीच्या खुणा जतन करण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे, व खुणा नष्ट करणे हा गुन्हा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, आणि पूर्वीपासून चालू असलेली वाट अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा दूर करण्याचा हुकूम होऊ शकतो. तेव्हा बैलगाडी आणि ट्रॅक्टर जेथून जातो तेथे कुंपणाचे टोक नेऊ नये.

गावात पक्की भिंत बांधावयाची असेल तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आधी घ्यावी. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये इमारत ह्या शब्दाच्या व्याख्येत भिंतीचाही समावेश आहे. कलम ५२ परवानगीसंबंधी व कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमणासंबंधी आहे. करमाळा शहरात नगरपरिषदेकडे जावे. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे आवाराची भिंत समोरील रस्त्याच्या मध्यापासून १.५ मीटर, म्हणजे सुमारे ५ फूट उंच चालते. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा, म्हणजे उघडा ठेवल्यास एकूण २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. कोपऱ्यावरील भूखंडास वाहनांची नजर अडू नये म्हणून आणखी निर्बंध आहेत.

आडोशाची गरज कायद्यासही अपरिचित नाही. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १८ खाली जे उदाहरण दिले आहे ते असे : एखाद्या शहरात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या खाजगीपणास बाध येईल अशी नवी खिडकी कोणास पाडता येत नाही. मात्र त्याच कायद्यात २० वर्षे उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याच्या हक्कासही स्थान आहे. शेजाऱ्याच्या जुन्या खिडकीसमोर भिंत उभी करताना हे ध्यानात असावे.

कोणते कुंपण?

विटांची भिंत महाग पडते. पत्रा उन्हाने तापतो आणि मे महिन्यातील वळवाच्या वाऱ्यात पाया नीट नसल्यास उखडून शेजाऱ्याच्या अंगणात जातो. हिरवी जाळी स्वस्त, परंतु थोड्याच हंगामांत फाटते. काटेरी तार जनावर अडवते, नजर अडवत नाही. तुरी व बाभळीच्या काट्या पूर्वापार वापरात आहेत, पण काट्यांचा फास दरवर्षी नवा घालावा लागतो. तारेत घरचा विद्युत्प्रवाह सोडण्याचा विचार कोणी बोलून दाखविला तर कार्यकर्त्याने तो जागीच मोडून काढावा. असे करणे बेकायदेशीर आहे, आणि परसात त्या तारेस पहिला हात बहुधा घरच्या मुलाचाच लागतो.

कमी पावसाच्या ह्या तालुक्यात, हलक्या मुरमाड जमिनीत, बारा महिने हिरवे राहणारे आणि कापले की दाट होणारे जिवंत कुंपण परसास सर्वांत योग्य होय. परंतु सर्वच झाडे घराजवळ चालत नाहीत. शेर कांडीपासून सहज लागतो व त्यास पाणी लागत नाही, परंतु त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस गंभीर इजा होते. न्हाणीजवळ तो लावू नये. मोगली एरंडाच्या बिया मुले खातात आणि त्यांना विषबाधा होते. कण्हेरही विषारीच. वेडी बाभूळ एकदा शिरली की तिला काढता काढता पुरेवाट होते. फड्या निवडुंगाची कहाणी जुन्या पिढीस ठाऊक आहे : कुंपणासाठी लावलेला हा परदेशी निवडुंग रानोमाळ पसरला आणि १९२६ साली श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणलेल्या कोचिनिल जातीच्या किड्याने त्याचा नायनाट केला. कुंपणाचे झाड निवडताना ते आपल्या हद्दीत राहील काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

परसासाठी कोयनेल, म्हणजेच कडू मेंदी, ही पहिली निवड समजावी. तिची कांडी सहज फुटते, पाने कडू असल्याने शेळी तोंड लावत नाही, आणि कात्रीने हवा तो आकार देता येतो. साधी मेंदी हीही काटक आहे. तिची पाने घरी उपयोगी पडतात. दोन्ही मिसळून लावण्यास हरकत नाही. वस्तीवरील मोठ्या परसाच्या बाहेरच्या बाजूस, जेथे मुले खेळत नाहीत तेथे, करवंद किंवा चिल्लार ह्यांची काटेरी ओळ द्यावी.

लागवड

बाहेरची ओळ हद्दीपासून किमान २ फूट आत असावी. झाड वाढल्यावर ते शेजाऱ्याच्या जागेत लोंबू नये व छाटणीसाठी आपल्याच जमिनीत उभे राहता यावे, हे त्याचे कारण. गावठाणातील २० फूट रुंद परसात एवढी जागा सोडणे जड जाते हे खरे आहे. अशा ठिकाणी दोन्ही घरांनी संमतीने हद्दीवरच सामाईक कुंपण लावावे. मात्र हद्द कोठे आहे, छाटणी कोणी करावी, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भावाभावांत तर कागद अवश्य करावा.

एप्रिल-मे महिन्यांत दीड फूट रुंद व दीड फूट खोल चर खणून उन्हात तापू द्यावा. मुरूम निघाल्यास तो बाजूस टाकून तळ्याचा गाळ किंवा चांगली माती आणावी. दर १० फुटांस दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळून चर भरावा. पहिले चांगले पाऊस झाल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, ९ इंच ते १ फूट लांबीच्या कांड्या, दोन-तृतीयांश भाग मातीत जाईल अशा लावाव्यात. दोन ओळी, ओळींत १ फूट व कांड्यांत १ फूट अंतर, आणि एका ओळीतील कांडी दुसऱ्या ओळीतील मोकळ्या जागेसमोर यावी. ५० फूट लांबीस सुमारे १०० कांड्या लागतात. मर भरून काढण्यासाठी ३० जादा कांड्या घराजवळ सावलीत लावून ठेवाव्यात.

रोपे १ फुटाची झाली की शेंडे कापावेत. येथे बहुतेकांचा हात आखडतो. उंची लवकर यावी म्हणून झाड तसेच वाढू दिले तर ते वर झुपकेदार आणि खाली उघडे राहते, आणि आडोसा नेमका हवा तेथे मिळत नाही. दर वेळी ६ इंच वाढ झाल्यावर थोडे कापीत नेल्यास बुडापासून दाटपणा येतो. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. न्हाणीचे पाणी चालते, परंतु ते वाळू-खड्यांच्या छोट्या खड्ड्यातून सोडावे व रोज एकाच ठिकाणी साचू देऊ नये.

कुंपण छातीएवढे होण्यास साधारण दोन वर्षे लागतात. तोपर्यंत आडोसा हवाच, त्यासाठी तुराट्यांची ताटी उत्तम. रोपांच्या बाहेरच्या बाजूस, परंतु आपल्याच हद्दीत, आठ-आठ फुटांवर खांब रोवावेत. खांबाच्या बुडास डांबर लावावे. खांबांना बांबूच्या तीन आडव्या पट्ट्या बांधून त्यांवर तुराट्या उभ्या दाटीने आवळाव्यात. वाळवी लागू नये म्हणून ताटी जमिनीपासून तीन-चार बोटे वर ठेवावी. चुलीपासून ती दूर असावी.

एक सावधगिरी आवश्यक आहे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. उसाच्या रानालगतच्या वस्तीवर दाट कुंपण दारास व शौचालयाच्या वाटेस अगदी खेटून लावू नये. वाटेच्या दोन्ही बाजूंस चार-पाच फूट मोकळी जागा व रात्री दिवा असावा. जिवंत कुंपण बिबट्यास अडवीत नाही, म्हणून शेळ्या छपराच्या बंदिस्त गोठ्यातच बांधाव्यात. कुंपणाच्या बुडाशी पाला-कचरा साचू दिल्यास साप-विंचवांस आसरा मिळतो; तो पंधरा दिवसांनी झाडून काढावा.

दुसऱ्या दिवाळीनंतर कुंपण दाट झाल्याची खात्री करून ताटी काढावी. तुराट्या चुलीस येतात, खांब पुढे वेलभाज्यांच्या मांडवास लागतात.