गोळ्या मी घेतच होते

"मॅडम, गोळ्या नियमित घ्या. आमच्याशी खोटं बोलून रिपोर्ट सुधारत नाही." भर ओपीडीत, दाराशी पेशंट ताटकळत असताना मी हे ऐकून घेतलंय.

थायरॉईडच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. रोज पहाटे उपाशीपोटी १५० ची गोळी, तरी टीएसएच ३४. डोस ३०० केला. टीएसएच ११ वर अडकला आणि टी-४ मात्र चढला. निष्कर्ष काय, तर मी एरवी गोळ्या चुकवते आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मूठभर खाते! त्या रात्री नवऱ्याने बाटली ताटलीत ओतून गोळ्या मोजल्या. हिशेब बरोबर निघाला, पण ते मोजणंच जिव्हारी लागलं.

गाठ पॅपिलरी कॅन्सरची होती, काढली ते योग्यच. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्याआधीच्या दोन वर्षांची आहे. 'हायपर' म्हणून कार्बिमाझोल चालू होतं आणि गळ्याची सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती.

शेवटी पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळ्यात जुनी फाईल मागितली. एकही गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट काढून त्यांनी एका ओळीवर पेन टेकवलं : टी-४ १८, टीएसएच ४.६. म्हणाले, "टी-४ इतका असताना टीएसएच शून्याला टेकायला हवा होता. तुमच्या घरात आणखी कुणाचा गळा सुजलाय?"

आईचा. आयुष्यभर. आम्ही मिठाला दोष देत होतो.

पिट्युटरीत गाठ नाही हे एमआरआयने ठरलं. मग जनुक तपासणी झाली आणि टीएचआरबीमध्ये दोष सापडला. थायरॉईड हार्मोन रेझिस्टन्स. रक्तात हार्मोन भरपूर, पण पिट्युटरीला ते पुरेसं जाणवतच नाही. दुर्मीळ आहे, मान्य. पण १९६७ पासून माहीत असलेला आजार आहे हा!

आता माझ्यासारख्यांसाठी :

औषध सुरू होण्याआधीचा रिपोर्ट प्राणपणाने जपा. टी-४ वाढलेला आणि टीएसएच दबलेला नाही, असं दिसलं तर कार्बिमाझोल गिळण्याआधी "असं का?" हे विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने आकडे फसतात.

कॅन्सरनंतर टीएसएच खाली ठेवायचा तर आपल्याला डोस भरमसाट लागतो. मग दाताच्या डॉक्टरापासून सगळे तो कमी करायला सांगतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. हृदयाची धडधड मात्र अंगावर काढू नका, डोस किती ताणायचा ते त्यावरही ठरतं.

मुलांची तपासणी करा. प्रत्येक मुलात दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या लेकीत आहे. शाळेने तिला 'चंचल' ठरवलं होतं. तिला त्रास नाही, म्हणून एकही गोळी नाही. आकडे बघून कुणी सुरू करू नये, एवढ्यावर माझं लक्ष असतं.

दुसरं मत घ्या, मन शांत ठेवा वगैरे आहेच. मला काही शांत ठेवता आलं नाही.

जनुक रिपोर्टची झेरॉक्स मी त्या ओपीडीत नेऊन दिली. उत्तर आलेलं नाही. शिक्क्याची पोच फाईलमध्ये लावून ठेवली आहे.