घरबागेंतील धांवता बांबू : लावण्यापूर्वीं घालावयाची हद्द

बांबू हें गवताच्या कुळांतील झाड आहे, ही गोष्ट बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक असते. परंतु सर्व बांबू जमिनीखालीं एकाच रीतीनें वाढत नाहींत, याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. शोभेकरितां किंवा आडोशाकरितां आणलेलें रोप कांहीं वर्षांनीं शेजाऱ्याच्या बांधापलीकडे कोंब काढूं लागतें, आणि मग बागेचें काम बाजूस राहून तंटा उभा राहतो. हें टाळण्याचा स्वस्त उपाय लागवडीपूर्वींच करावयाचा असतो. मागाहून करावयाचा उपाय खर्चाचा व कष्टाचा आहे. म्हणून धांवत्या बांबूची ओळख, त्याची हद्द व त्याची वार्षिक निगा यांचा येथें क्रमानें विचार केला आहे.

वाढीचे दोन प्रकार.— आपल्याकडील कळक, मेस व माणगा हे बेटाचे बांबू होत. यांचें जमिनीखालचें खोड आखूड व जाड असून त्याचें टोंक वर वळून त्याचीच काठी होते. त्यामुळें नवा कोंब जुन्या काठीच्या जवळच निघतो व बेट सावकाश रुंदावतें. धांवत्या बांबूचें भूमिगत खोड बारीक व लांब असून तें आडवें पसरतें. त्याचा बहुतेक पसारा वरच्या एक-दीड फूट मातींत असतो. त्याच्या पेरापेरांवर मुळें व डोळे असतात. कांहीं डोळ्यांच्या काठ्या होतात, कांहींचीं नवीं धांवतीं खोडें होतात. लोक यास मूळ म्हणतात, परंतु तें मूळ नव्हे; म्हणूनच डोळा असलेला एखादा तुकडा ओल्या मातींत राहिला तरी त्यापासून नवें झाड होऊं शकतें.

कोंब जमिनींतून निघतो तोच आपल्या पुऱ्या जाडीचा असतो. सुमारें दोन महिन्यांत तो पुरी उंची गांठतो. पुढें ती काठी जाड होत नाहीं व उंचही होत नाहीं, केवळ पक्की होते. या जलद वाढीस लागणारें अन्न जुन्या काठ्या व भूमिगत खोड यांतून येतें. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल.

ओळख.— घरबागांतून लावले जाणारे धांवते बांबू बहुधा फायलोस्टॅकिस वर्गांतील असतात. यांच्या काठीवर, जेथें फांद्या फुटतात त्या पेराच्या वरच्या कांड्यास एका बाजूनें चपटी खांच असते, आणि एकेका पेराला बहुधा दोन लहान-मोठ्या फांद्या असतात. रंगावरून निर्णय करूं नये. पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असलेला जो बांबू आपल्या बागांतून सर्रास दिसतो, तो बेटाचाच आहे.

हद्द.— विहीर, घराची भिंत व शेजाऱ्याचा बांध यांपासून निदान वीस फूट अंतर सोडावें. नंतर पुढील दोहोंपैकीं एक उपाय करावा.

पहिला उपाय चराचा. लागवडीभोवतीं एक फूट रुंद व दीड फूट खोल चर खणून तो मोकळा ठेवावा. खोड चरांत डोकावलें कीं दिसतें व कोयत्यानें तोडतां येतें. चरांत पालापाचोळा व माती सांचूं दिल्यास खोड त्यांतून पलीकडे जातें.

दुसरा उपाय जाड प्लॅस्टिकच्या पत्र्याचा. पत्रा दोन ते अडीच फूट खोल पुरून त्याची कड जमिनीवर दोन-तीन इंच ठेवावी, व वरची बाजू किंचित् बाहेर कलती असावी. म्हणजे खोड अडलें असतां खालीं न जातां वर येतें व नजरेस पडतें. सांधा पक्का बसवावा. लोखंडी पत्रा गंजतो, फळ्या कुजतात, आणि विटांच्या भिंतीस चीर पडली तर खोड तींतून वाट काढतें.

वार्षिक निगा.— पावसाळा संपल्यावर एकदां व नवे कोंब येण्यापूर्वीं एकदां हद्दीची फेरी करावी. दरवर्षीच्या नव्या काठ्यांवर रंगानें सालाची खूण करावी, आणि तीन वर्षांवरच्या काठ्याच हिवाळ्यांत तोडाव्या. हद्दीबाहेरचे कोंब कोवळे असतांच काढावे. ते भाजीस चालतात. परंतु त्यांत विषारी अंश असल्यामुळें सोलून, चिरून, उकळून तें पाणी टाकून द्यावें.

दोन उदाहरणें.— निगेनें काय साधतें हें अरुणाचल प्रदेशांतील झिरो खोऱ्यांत दिसतें. सुमारें ५,००० फूट उंचीवरील या खोऱ्यांत आपातानी लोक फायलोस्टॅकिस वर्गांतील धांवता बांबू गांवाजवळच्या खासगी, कुंपण घातलेल्या बागांतून लावतात. घरें, कोठारें व कुंपणें यांस त्याच काठ्या लागतात. त्यामुळें तोडणी चालू राहते.

उलट उदाहरण जपानचें. तेथें मोसो नांवाचा धांवता बांबू १७३६ मध्यें सात्सुमा प्रांतांत आणून लावल्याची नोंद आहे. कोंब व काठ्या यांकरितां तो पुढें सर्वत्र पसरविला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्लॅस्टिकच्या वस्तु व परदेशचे स्वस्त कोंब आले, तोडणी सुटली, आणि सोडून दिलेल्या बागांतील बांबू शेजारच्या रानांत व मळ्यांत शिरला. झाड तेंच, फरक माणसाच्या फेरीचा.

निर्मूलन.— बांबू पसरलाच असेल तर सर्व काठ्या तोडाव्या व पुढें येणारा प्रत्येक कोंब पानें फुटण्यापूर्वींच काढावा. वर पानें नसलीं कीं जमिनीखालच्या सांठ्यांत भर पडत नाहीं व तो संपत जातो. हें काम दोन-तीन वर्षें न चुकतां करावें लागतें. जागा लवकर मोकळी हवी असेल तर खोडें खणून शेवटच्या तुकड्यापर्यंत वेंचून काढण्यावांचून गत्यंतर नाहीं.

कोणी लावावा ?— या वर्गांतील बहुतेक बांबूंस थंड व दमट हवा मानवते. ज्यांस केवळ शेतकामाच्या काठ्या हव्या आहेत, त्यांनीं कोंकणांत माणगा व विदर्भांत मेस लावावा; त्यांस चर लागत नाहीं. ज्यांस धांवताच हवा असेल, त्यांनीं प्रथम चर खणावा, वर्षांतून दोन फेऱ्या कोण करील हें ठरवावें, आणि मगच रोप घरीं आणावें.