सिकलसेल आणि प्रयोगशाळेतला उंदीर

आपल्या फैजपूरच्या उत्तरेस सातपुड्यातील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. साध्या उंदराला तो होत नाही. मग औषध तपासावे कशावर? शास्त्रज्ञांनी मानवी सिकल जनुक उंदराच्या फलित बीजात बारीक सुईने सोडले. हिमोग्लोबिनची मूळ जनुके निकामी केलेल्या उंदरांशी त्यांचा संकर केला. १९९७ साली सिकलचा उंदीर तयार झाला. २००१ मध्ये अशा उंदरांवर जनुकोपचार यशस्वी ठरला. २०२३ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी जनुकोपचारास मान्यता मिळाली. मात्र तो अतिशय महाग आहे. म्हणून लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.