बटाटा शून्यावर कुठे येतो?

इंदूरची अकरावीतली भाची प्रयोगवही घेऊन मावशीकडे आली. मावशीनं अनेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे.

भाची: मावशी, परासरणाचा प्रयोग झाला, पण माझं उत्तर मैत्रिणीशी जुळत नाही. द्रावणं तर आम्ही एकत्रच बनवली होती.

मावशी: आधी काय दिसलं ते सांग.

भाची: साध्या पाण्यातली बटाट्याची कांडी जड आणि कडक झाली. सगळ्यांत घट्ट साखरपाण्यातली हलकी झाली आणि इतकी लुळी पडली, की वाकवली तरी मोडेना.

मावशी: म्हणजे हात चांगला बसला. पेशीच्या पटलातून पाणी ये-जा करतं, साखर सहजी जात नाही. जिकडे विरघळलेलं जास्त, तिकडे पाण्याचा ओढा. पटल जिवंत असेपर्यंतच हे चालतं. उकडलेला बटाटा घेऊन बघ, पटल निकामी झालेलं असतं, मग साखरेला अडवणारं कुणी उरत नाही.

भाची: वजनातला फरक ग्रॅममध्ये न लिहिता टक्क्यांत का लिहायचा?

मावशी: कांड्या कितीही नीट कापल्या तरी सारख्या वजनाच्या होत नाहीत. ५ ग्रॅमच्या कांडीनं अर्धा ग्रॅम पाणी घेतलं तर १० टक्के वाढ, १० ग्रॅमच्या कांडीनं तेवढंच घेतलं तर ५ टक्के. वजनाआधी कांडी टिपून घेतलीस ना? वर चिकटलेलं पाणी पेशीच्या खात्यावर पडता कामा नये.

भाची: टिपली. आलेखही काढला. माझी रेघ शून्याला ०.३ मोलरपाशी छेदते. तिची त्याच्याही पुढे.

मावशी: तो छेद म्हणजे या प्रयोगाचा गाभा, आणि मुलं तिथंच घाई करतात. त्या द्रावणात जितकं पाणी आत येतं तितकंच बाहेर जातं. लिटरभर द्रावणात सुमारे १०३ ग्रॅम साखर झाली. २७ अंशाला त्याचा परासरण दाब हिशेबानं सात वातावरणांहून थोडा जास्त येतो.

भाची: सात? एवढ्याशा कांडीत?

मावशी: हो. हा हिशेब डच रसायनशास्त्रज्ञ वान्ट हॉफनं मांडला, आणि त्याला आधार होता जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफरनं १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांचा. १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल वान्ट हॉफला मिळालं. आता सांग, बटाटे कुठले होते?

भाची: माझा महूकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याचा, घरीच पसरून ठेवलेला. तिचा कोल्ड स्टोरेजमधला.

मावशी: मग उत्तरं जुळायचं कारणच नाही! बटाट्यातला स्टार्च पाण्यात विरघळत नाही, दाणे नुसते पेशीत पडून असतात. दोन-चार अंशांच्या थंडीत त्यातल्या थोड्याची साखर होते. साखर विरघळते, म्हणून पाणी जास्त ओढते आणि छेद पुढे सरकतो.

भाची: म्हणून थंडीतला बटाटा गोड लागतो?

मावशी: आणि तळला की काळपटतो. चिप्ससाठी नावाजलेल्या आपल्या मालव्यात हे सांगायला पुस्तक लागत नाही. चिप्सचा माल दहा-बारा अंशांवर ठेवतात तो याचसाठी.

भाची: मग निष्कर्ष तोच लिहू?

मावशी: अजून नाही. तिचा बटाटा वेगळ्या जातीचा असू शकतो. शिवाय साठवणीत बटाटा सुकतो, आणि सुकल्यानंही छेद पुढे जातो. एकाच ढिगातले बटाटे घे. अर्धे फ्रिजमध्ये, अर्धे बाहेर अंधारात, सगळे सारख्याच पिशव्यांत. ठेवताना आणि काढताना वजन कर, म्हणजे किती सुकले ते कळेल. दोन आठवड्यांनी दोन्हींवर हाच प्रयोग एकाच दिवशी लाव. कांड्या बुडवायचा वेळही तोच हवा.

भाची: आणि तोवर वहीत मैत्रिणीचा आकडा घालू का? पुस्तकाला तो जवळचा आहे.

मावशी: अजिबात नाही. तुझा आकडा तुझ्या बटाट्याचा आहे, तोच राहू दे. त्याच्याखाली बटाट्याची जात, कुठून आणला आणि किती दिवस कुठे ठेवला होता, एवढं आजच लिही. जात माहीत नसेल तर शेतकऱ्याला फोन कर.